आईचं मेंदूच्या व्यायामाचं ॲप : आठ महिन्यांनंतर

गेल्या श्रावणात आईने दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. तिसऱ्यांदा पाकीट काढायला उठली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आई ७४ वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. त्याच रात्री मी टॅबवर मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप घेतलं, वर्षभराची वर्गणी भरून.

रोज दुपारच्या चहानंतर वीस मिनिटं, असं ठरलं. जोड्या लावणं, आकड्यांचा क्रम ओळखणं असे खेळ होते, आणि एक वेगाचा. त्यात मधोमध क्षणभर दिसलेली गाडी ओळखायची आणि त्याच वेळी कडेला कुठे खूण चमकली तिथे बोट लावायचं. आईला खूण बरोबर दिसायची, पण काच दाद द्यायची नाही. "अगं, लावलं की मी बोट!" असं म्हणत ती रडकुंडीला यायची. वयाबरोबर बोटांची टोकं कोरडी होतात आणि स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. मग शेजारी ओला रुमाल ठेवला, पुढे मऊ टोकाचं पेन आणलं. आठवड्यात गुण जवळजवळ दुप्पट झाले. ॲपने पंधरा दिवस जे "कमकुवत" म्हणून दाखवलं होतं, ते कोरडं बोट होतं!

दोन-तीन महिन्यांत जोड्यांच्या खेळात ती माझ्याही पुढे गेली. पण किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवेना, निरोप अर्धेच पोहोचत. तेव्हा मी थोडं वाचन केलं. अमेरिकेत १९९८ साली ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर ॲक्टिव्ह नावाची मोठी चाचणी सुरू झाली होती. स्मरणशक्ती, तर्क आणि वेग यांचे वेगवेगळे गट, प्रत्येकाला सुमारे १० सत्रं. जो ज्याचा सराव करी, तो त्यातच सुधारला. दहा वर्षांनी तर्क आणि वेगाचा फायदा टिकून होता, स्मरणशक्तीचा विरला होता. म्हणजे ॲप नुसती थाप नाही, पण जोड्या लावल्या म्हणून किल्ल्या सापडत नाहीत. लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला असल्याच वाढीव दाव्यांसाठी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते.

खरा उलगडा मात्र स्वयंपाकघरात झाला. ओट्याकडे तोंड करून मी बारा जिनसांची यादी मोठ्याने सांगितली, हिंग, रवा, साबण, धणे... आईने पाच परत सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तसलीच यादी कागदावर लिहून दिली, कागद काढून घेतला, तर नऊ सांगितल्या. निरोप ती विसरत नव्हती, तिला ते ऐकूच येत नव्हते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली. दोन्ही कानांत मध्यम दोष निघाला. आधी ज्या दवाखान्यात गेलो होतो तिथे "वयोमानाने होतं" म्हणून गोळ्या दिल्या होत्या, कान कुणी तपासलाच नव्हता. याचं मला आजही फार वाईट वाटतं. बहिरेपणा हा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे, हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्येही सांगितलंय. त्यांच्या यादीत रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा असे एकूण चौदा घटक आहेत.

श्रवणयंत्राचे पहिले तीन आठवडे अवघड गेले. कुकरची शिट्टी तिला टोचायची, नळाचा आवाजही. चिकाटीने लावत राहिली. ऐकू येत नाही म्हणून सोडलेल्या भजनी मंडळात गेल्या महिन्यापासून पुन्हा जाते. घरी आल्यावर कुणाची सून कुठे गेली, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं तपशिलात सांगते. दूधवाल्याच्या हिशोबाला आता भिंतीवर कॅलेंडर आहे, दिले की लगेच खूण. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची रीतसर चाचणीही केली, वर्षाने पुन्हा बोलावलंय.

तुम्ही असं ॲप घेणार असाल तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मराठीत खेळ आहेत का ते पाहा, आमच्यात नव्हते, सूचना मलाच वाचून सांगाव्या लागल्या. ऑटो-पे पहिल्याच दिवशी बंद करा. टॅब देऊन एकट्याला बसवू नका, पहिला महिना शेजारी बसा.

वर्गणी ऑगस्टमध्ये संपेल. काल विचारलं तर आई म्हणाली, "गाड्यांचा खेळ चालू ठेव, त्यात मजा येते. पण आधी यंत्राचे सेल आण, आज भजनाला जायचंय."