सिंगल स्पीडच्या नावाखाली गिअरचं चाक: 120 मिमीचा फोटो पाहून पैसे पाठवू नका

रोजच्या सिंगल स्पीड (एकाच गिअरच्या) सायकलसाठी स्वस्तातली चाकं शोधत असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. जाहिरात अशी होती: नवी जोडी, 700सी (रिमचं माप), डबल वॉल रिम, 36 आरे, सील्ड बेअरिंग, मागचा हब (चाकाचा मधला भाग) 120 मिमी रुंद, सिंगल फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) बसवलेलं. किंमत अशा जोडीच्या नेहमीच्या किमतीच्या 60 टक्के. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी पार्सल निघताना. आलं काय? पुढचं चाक ठीक. मागचं मात्र सात गिअरच्या सायकलचं, 130 मिमीचं, उजवीकडचे 10 मिमीचे स्पेसर (एक्सलवरच्या कड्या) काढून 120 वर आणलेलं.

हे करणं किती सोपं आहे ते कळलं की चीड आणखी वाढते. गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील आणि सिंगल फ्रीव्हील, दोन्हीचे आटे सहसा एकच असतात: व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे. म्हणजे जुन्या गिअरच्या हबवर 16 किंवा 18 दात्यांचं फ्रीव्हील सरळ फिरून बसतं. अशी चाकं गिअरच्या सायकली मोडीत निघाल्या की ढिगाने मिळतात. खरा सिंगल स्पीडचा 120 चा हब त्यामानाने कमी मिळतो. उरला फक्त रुंदीचा, म्हणजे हबच्या दोन टोकांच्या लॉकनटांमधल्या अंतराचा फरक. त्यासाठी लॉकनट सोडवायचा, स्पेसर काढायचे, नट पुन्हा आवळायचा. झालं काम.

बिघडतं ते इथेच. गिअरच्या चाकात उजवीकडे फ्रीव्हीलला जागा लागते म्हणून हबची उजवी कड आत सरकवलेली असते आणि रिम दोन लॉकनटांच्या मधोमध यावी म्हणून आरे विषम ताणलेले असतात. त्यातले 10 मिमी एकाच बाजूने काढले की लॉकनटांचा मध्य 5 मिमीने डावीकडे जातो, पण रिम होती तिथेच राहते. परिणामी फ्रेममध्ये चाक 5 मिमी उजवीकडे बसतं. उजवं ब्रेकचं रबर रिमला घासतं, डावं लांब राहतं. एवढं करूनही फ्रीव्हील पुरेसं बाहेर येत नाही. बऱ्याचशा सिंगल स्पीडमध्ये चेनची रेषा फ्रेमच्या मध्यापासून साधारण 42 मिमीवर असते. इथे ती त्याच्या आतच राहिली. चेन तिरकी धावते, दाते एका बाजूने झिजतात, जोर लावला की आवाज येतो.

विक्रेत्याला विचारायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: विचारलं होतं. मागची रुंदी विचारली, 120 असं उत्तर आलं. मोजून दाखवा म्हटलं, तर व्हर्नियर लावलेला फोटो आला आणि त्यावर खरंच 120 होतं. पैसे पाठवण्याआधी आणखी काय करायचं असतं? आकडा खरा होता, चाक खोटं होतं.

आणि तरीही सगळं त्याच फोटोत होतं. चाक मागून दिसत होतं. डावीकडचे आरे हबपासून रिमपर्यंत ठळक तिरके, उजवीकडचे जवळपास उभे. सिंगल स्पीडच्या चाकात दोन्ही बाजूंचे आरे जवळजवळ सारख्या उताराचे असतात, कारण तिथे फ्रीव्हीलच्या थप्पीला जागा द्यावी लागत नाही. दुसरी खूण एक्सलची. उजवीकडे लॉकनटच्या बाहेर एक्सल डावीपेक्षा चांगला सेंटिमीटरभर जास्त उरलेला दिसत होता. स्पेसर काढले की तेवढा एक्सल उघडा पडणारच. फोटो मोठा करून दहा सेकंद बघितला असता तरी दिसलं असतं. पण समोर 120 दिसलं की नजर आकड्यावरच थांबते, आणि विकणाऱ्याला हे नेमकं माहीत असतं. म्हणूनच तो व्हर्नियरचा फोटो न मागताही तयार ठेवतो. जाहिरातीतले बाकीचे सगळे फोटो बाजूने काढलेले होते. बाजूने काढलेल्या फोटोत आऱ्यांचा उतार दिसत नाही.

म्हणून फोटो मागायचा तो चाकाचा, सरळ मागून, दोन्ही एक्सल टोकं दिसतील असा. तो द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

डबल वॉल हे दुसरं खोटं. रिम सिंगल वॉल निघाली. ओळखायला रिम टेप काढावी लागते: सिंगल वॉल असेल तर निपलची (आरा रिमला धरणाऱ्या नटाची) डोकी थेट टायरच्या खोबणीत दिसतात, डबल वॉलमध्ये वरच्या भिंतीला मोठी भोकं असतात आणि निपल खाली, दुसऱ्या भिंतीवर बसलेले दिसतात. टेप न काढता बघायचं असेल तर वॉल्व्हच्या भोकात टॉर्च मारा. हा तपशील क्षुल्लक नाही. कारण हे चाक मध्यावर आणायचं तर डावीकडचे आरे ताणायचे आणि उजवीकडचे सैल सोडायचे. डावीकडचे आरे मुळात जरा लांब असतात. निपल तेवढा आवळला की आऱ्याचं टोक निपलच्या डोक्यावर येतं. डबल वॉलमध्ये ते पोकळीत राहतं, सिंगल वॉलमध्ये ट्यूबला भोक पाडतं. म्हणजे दुरुस्ती करायची तर एका बाजूचे 18 आरे बदलणं आलं. त्या खर्चात स्वस्त चाक स्वस्त राहत नाही. आणि विक्रेता सांगतो काय, तर 'कुठलाही मिस्त्री आऊट काढून देईल.' आऊट काढणं म्हणजे डुलणारी रिम सरळ करणं. ही रिम डुलत नाहीच, ती चुकीच्या जागी आहे.

सील्ड बेअरिंगचंही तेच, तेही खोटं निघालं. लॉकनटच्या आत पातळ पान्यासाठी दोन सपाट कडा असलेला कोन (शंकूसारखा नट) आणि कोनामागे सुटे छर्रे, मागच्या हबला दर बाजूला पाव इंचाचे नऊ. त्यावर रबराचं झाकण लावलं म्हणून ते सील्ड होत नाही. हा प्रकार, म्हणजे कप-कोन, वाईट नसतो, उलट स्वस्त चाकात तोच बरा, ग्रीस भरून वर्षानुवर्षं चालतो. पण मग तसं लिहा ना.

जाहिरातीत 'फिक्स्ड गिअरलाही चालेल' असंही लिहिलेलं होतं, म्हणजे जिथे पेडल चाकाबरोबर सतत फिरतं त्या सायकलला. हे सर्वात घातक आहे. फिक्स्डसाठीच्या हबवर मुख्य आट्यांच्या बाहेर लहान व्यासाचे, उलट दिशेचे, 1.29 इंचाचे आटे असतात, लॉकरिंगसाठी (चक्र सुटू नये म्हणून आवळायची कडी). साध्या हबवर ते नसतात. तिथे फिक्स्ड दातेरी चक्र बसवून पेडल उलटं दाबलं की ते उलटं फिरून सुटतं. पायाने वेग कमी करायला जाल आणि पाय मोकळे फिरतील.

विक्रेत्याचा शेवटचा सल्ला होता की स्पेसर परत घाला आणि मागचा चिमटा (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन भुजा) 10 मिमी फाकवा. स्टीलच्या फ्रेममध्ये जाणकार माणूस दोन्ही बाजू सारख्या फाकवून, एक्सलच्या खाचा पुन्हा समांतर करून हे करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र हात लावू नका, तडा जातो.

आता तक्रारीचं. ज्या पोर्टलवर जाहिरात होती तिथल्या फॉर्ममध्ये पर्याय तीनच: वस्तू मिळाली नाही, वस्तू तुटलेली आली, वस्तू वेगळीच आली. तिसरा निवडला तर उत्तर आलं की चाक मागवलं आणि चाकच मिळालं, तक्रार बंद. आऱ्यांचे, एक्सलचे, निपलचे फोटो जोडले, तर पुन्हा तोच मजकूर, खाली तेच नाव. विक्रेत्याचा 120 चा फोटो मात्र पुरावा म्हणून ग्राह्य! बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात आमचं काही चुकलं नाही. पोलीस चौकीत सांगितलं की हा व्यवहारातला वाद आहे, फसवणूक नव्हे, पोर्टलकडे जा. पोर्टल म्हणतं पोलिसांचं पत्र आणा. एकालाही ते चाक हातात घेऊन बघावंसं वाटलं नाही. लॉकनटपासून रिमपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी साध्या पट्टीने मोजलं की प्रकरण संपतं, त्याला तज्ज्ञ लागत नाही. परतीची तयारी विक्रेत्याने दाखवली ती अशी: पाठवणीचा खर्च माझा आणि रकमेतून 25 टक्के कपात.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येते. तिथे 'सदोष वस्तू' असं मोघम लिहू नका. 'जाहिरातीत सिंगल स्पीड हब, प्रत्यक्षात बदल केलेला गिअरचा हब, रिम मध्यापासून 5 मिमी बाहेर' असं लिहा आणि पट्टी लावलेले दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी शेजारी द्या.

जाहिरातीत 27 इंच आणि 700सी एकच असं दिसलं तर तीही जाहिरात सोडा. टायर बसतो तो व्यास 27 इंचात 630 मिमी आणि 700सीत 622 मिमी असतो. रिमवर 622 कोरलेलं किंवा छापलेलं दिसायला हवं. काळ्या रिमला ब्रेकच्या जागी घासून काढलेली पट्टी नसेल तर रबर रंगावर चालतं आणि पावसात ब्रेक नीट लागत नाही. कमी पैशातली प्रामाणिक जोडी मिळते: 36 आरे, 2 मिमीचे, कप-कोन हब, नटाचा एक्सल, डबल वॉल. तेवढं पुरे, सील्डच्या मागे लागू नका.

पार्सल आलं की टायर चढवण्याआधी चाक रिकामंच फ्रेममध्ये लावून रिम चिमट्याच्या दोन्ही भुजांपासून सारखी आहे का ते बघा. एकदा टायर चढला की 'वापरलेला माल' म्हणून परत घेत नाहीत.