रामबागेतला मराठी लेखन गट, जावं का?
इंदूरात मराठीत लिहिणारे कुठे भेटतात असं विचाराल तर रामबागेतला हा हौशी गट बघाच, फी वगैरे नाही, चहा-पोह्यांची वर्गणी तेवढी. विषय मिळतो, वीस मिनिटं लिहायचं, मग मोठ्यानं वाचायचं आणि वाचणाऱ्यानं मधे सफाई द्यायची नाही, हा नियम मला जाम आवडला. परवा विषय होता सराफा, म्हणजे रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात ना तिथला, तर एका काकूंनी शटरसमोरच्या गराडूच्या (तळून खातात तो कंद) कढईवर असलं भारी लिहिलं, कोणीतरी म्हणालं "काकू, शेवटची ओळ उडवा" आणि उडवल्यावर खरंच जमलं! वैताग एकच, कवितावाले काका आवरत नाहीत, आणि चर्चा अर्ध्यात हिंदीवर घसरते (इंदूर आहे, चालायचंच). कादंबरीवाल्यांना मात्र इथे फार उपयोग नाही, सगळं दोन पानांत आटपतं.