हॉलच्या दोन भिंती गडद मातकट तपकिरी : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आम्ही पुण्यातल्या घराच्या हॉलच्या दोन भिंती गडद तपकिरी रंगवून घेतल्या. नंतर डिसेंबरमध्ये रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीनं ‘मोका मूस’ हा तपकिरी रंग २०२५ सालचा रंग म्हणून जाहीर केला आणि येणारा-जाणारा विचारू लागला, ते बघून केलंत का? नाही. आमचा शेड त्याहून बराच काळपट आहे, नुकत्याच नांगरलेल्या ओल्या जमिनीसारखा. माझं माहेर दापोलीजवळचं. जांभ्याच्या भिंती, शेणानं सारवलेली पडवी, संध्याकाळी तिथे पडणारा कंदिलाचा उजेड हे सगळं मनात होतं, म्हणून हा रंग.

सासूबाईंनी शेडकार्ड बघून लगेच विचारलं, “अगं, चॉकलेटी भिंत? दिवसा दिवे लावून बसायचं का?” त्यांची शंका रास्त होती. रंगाच्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक शेडसमोर एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत येतो तो आकडा. आमच्या शेडचा ९ आहे. आधीच्या मोतिया रंगाचा ऐंशीच्या आसपास होता. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला, थेट ऊन फारसं येत नाही. म्हणून चारही भिंती करायचा विचार सोडला. टीव्हीची १४ फुटी भिंत आणि तिला लागून खिडकीकडची १० फुटी भिंत एवढ्याच घेतल्या. उरलेल्या दोन आणि छत दुधाळ पांढरं ठेवलं. हा निर्णय मला आजही सगळ्यात योग्य वाटतो. तपकिरी इंद्रधनुष्यात नसतो. तो मुळात मंद झालेला नारिंगी, आणि शेजारी त्याहून उजळ काही असेल तरच डोळ्याला तपकिरी दिसतो. आमच्याकडे पांढरं छत आणि समोरची भिंतच त्याला उठाव देतात.

आता रंगकामाबद्दल, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. रंगारी काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, हा शेड दोन हातांत बसायचा नाही.” झालंही तसंच. फिक्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी भरपूर असते आणि खालचं झाकायचं काम तीच करते. गडद शेडसाठी दुकानदार रंगद्रव्य मिसळायला जो बेस घेतो, त्यात ती जवळपास नसते. झाकायचं सगळं ओझं रंगद्रव्यावर. आम्ही पांढऱ्या प्रायमरवर पहिला हात दिला तेव्हा भिंत डागाळलेल्या चहासारखी दिसत होती. दुसऱ्या हातानंतरही रोलरचे पट्टे स्पष्ट दिसत होते. तिसऱ्या हाताला कुठे रंग बसला. पुन्हा करायचं झालं तर प्रायमरच राखाडी किंवा तपकिरी छटेचा करून घेईन; एक हात नक्की वाचेल.

डब्यावरच्या हिशेबानं २२८ चौरस फुटांना दोन लिटर पुरायला हवे होते. ते मधेच संपत आले. पुन्हा त्याच दुकानातून, त्याच कोडचे दोन लिटर आणले, तर नव्या डब्यातला रंग किंचित लालसर. डब्यात फरक कळत नव्हता, भिंतीवर दोन्ही शेजारी आल्यावर कळला. शेवटी टीव्हीच्या भिंतीचा मॅट आणि खिडकीच्या भिंतीचा हलक्या चमकेचा असे दोन्ही वेगळे ठेवून, प्रत्येकाचा जुना उरलेला आणि नवा रंग एका बादलीत एकजीव केला आणि तिसरा हात दोन्ही भिंतींवर अखंड मारला. तुम्ही गडद शेड घेणार असाल तर रंग पहिल्याच दिवशी जास्तीचा आणा, एका प्रकारचे सगळे डबे एकत्र ढवळा आणि मगच ब्रश बुडवा.

उजेडाची गोष्ट मला सगळ्यात उशिरा समजली. जुने पांढरे ट्यूबलाइट ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे होते. त्यात भिंत राखाडी, मेलेली दिसायची. पहिले चार दिवस मी खरोखर खचले होते. एवढा खर्च करून घराची कळा घालवली असं वाटत होतं. मग ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी लावले, दोन दिवे भिंतीवर खालून वर उजेड टाकणारे आणि एक कोपऱ्यात उभा दिवा. त्या संध्याकाळी भिंतीतला लालसरपणा पहिल्यांदा वर आला. सासूबाई देवघरातली पितळी समई आणून त्या भिंतीपुढे ठेवून गेल्या, काही बोलल्या नाहीत. आता समईची जागा तीच. एवढं मात्र लक्षात घ्या, की दिव्यांची संख्या वाढते. आमच्याकडे तीन दिवे जास्तीचे लागतात आणि ढगाळ दिवशी दुपारी चारलाच लावावे लागतात.

मुद्दाम एक तुलना करून बघितली. टीव्हीची भिंत मॅट, खिडकीची हलक्या चमकेची. मॅट भिंत मखमली दिसते, पुट्टीतले चढउतार लपवते, पण सोफ्याची पाठ घासली तिथे चकाकणारा पट्टा उमटला आहे. ओल्या फडक्यानं पुसलं की पुसल्याचाच डाग राहतो. चमकेची भिंत छान पुसता येते. मात्र खिडकीतून तिरपा उजेड आला की पॉलिशपेपर जिथे नीट फिरला नाही तो प्रत्येक खड्डा दिसतो. लहान मुलं असलेल्या घरात मी चमकेचीच सुचवेन, पण पुट्टीच्या घासकामावर उभं राहून लक्ष ठेवा.

गडद भिंत मळ लपवते हा समज चुकीचा आहे. हाताचे डाग कमी दिसतात हे खरं. पण धूळ, जळमटं, पालीची घाण, खडूची रेघ, म्हणजे जे जे पांढरं ते सगळं उठून दिसतं. खुर्ची लागून चरा पडला की आतली पुट्टी डोकावते. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर काव कला बघितली असेल: चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. तिथे त्यातून वेलबुट्टी फुलते; माझ्या भिंतीवर नुसता ओरखडा. आणखी एक, या भिंतीवर बसलेला डास दिसत नाही. ही तक्रार घरातल्या सगळ्यांची आहे.

पावसाळ्यानं खरी परीक्षा घेतली. जुलैच्या शेवटी खिडकीखाली पांढरी भुकटी फुटली, म्हणजे भिंतीतल्या क्षारांचा लोणा. बाहेरच्या गिलाव्याला भेग होती, तिथून पाणी मुरत होतं. मोतिया भिंतीवर हे महिनोन्‌महिने कळलं नसतं, इथे दोन दिवसांत कळलं. बाहेरची भेग भरून घेतली, आतला लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, तीन आठवडे वाळू दिलं आणि तेवढ्याच जागी रंग लावला. तो तुकडा आजही ठिगळासारखा दिसतो. गडद रंगाला तुकड्यात डागडुजी मानवत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतच रंगवावी लागते.

रंग विटला का, असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही. आमच्या शेडमधली रंगद्रव्यं लोहाच्या ऑक्साइडची आहेत, गेरूच्याच कुळातली. ती उन्हाला आणि चुन्याला सहसा दाद देत नाहीत. खोली तापते का, असंही विचारतात. आतल्या भिंतीवर ऊन फारसं पडत नसल्यानं एप्रिल-मेमध्ये मला काही फरक जाणवला नाही.

सागवानी शोकेस मात्र त्या भिंतीपुढे हरवून गेली होती, तिला समोरच्या पांढऱ्या भिंतीशी हलवलं. तिच्या जागी पांढऱ्या सुती कापडाचा दिवाण आणि कुंडीतला मनीप्लँट आहे. हिरवा रंग या तपकिरीवर जितका ताजा दिसतो तितका मोतियावर कधी दिसला नव्हता.

बेडरूमसाठी हा रंग मी घेणार नाही. सकाळी उठल्यावर मला उजेड लागतो. पॅसेजसाठी पुन्हा घेईन. त्याआधी खिडकीची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करायची आहे. उरलेला पाऊण लिटर सिंकखाली ठेवला आहे, झाकणावर शेडचा कोड आणि तारीख लिहून. भिंतीतली ओल पूर्ण गेली की काकांना फोन करणार आहे.