पडदा की बादली? सोलापूरच्या उन्हाळ्यात पतंगांची नोंद

परसबागेत रात्री दिव्याकडे येणारे पतंग (फुलपाखरांसारखे कीटक) नोंदवायला दिव्याशेजारी कापडी पडदा ताणायचा की दिव्याखाली नरसाळ्याची बादली मांडायची, म्हणजे पतंग आत पडून राहतात, हे एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सकाळच्या उन्हावर ठरतं.

बादलीचा फायदा मोठा. दिवा लावून झोपलं तरी रात्रभराची गणती हाती येते, आणि कोण किती वाजेपर्यंत जागलं यावर आकडा अवलंबून राहत नाही. २० लिटरची बादली, आत पतंगांना बसायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे. नरसाळ्याचं खालचं तोंड साधारण ५ सेंटिमीटर हवं. अरुंद असलं तर हॉकमॉथसारखे दांडगे पतंग वरच अडकतात. पण मेअखेरीस सूर्य पावणेसहालाच उगवतो. ऊन लागलं की आतले पतंग फडफडून पंखांवरचे खवले झाडून टाकतात, मग ओळखायचं कशावरून? म्हणून बादली भिंतीच्या पश्चिम बाजूला ठेवा आणि साडेपाचला उघडा. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधल्या विटेवर बादली ठेवा, नाहीतर सकाळी नुसते पंख उरतात.

पडद्यापाशी साडेसात ते साडेदहा बसावंच लागतं. पण ओळख इथेच पक्की होते. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग पंख मिटून बसला की नुसता तपकिरी दिसतो. काडीने हलकेच स्पर्श केला की मागचे काळे पंख उघडतो: मधला पांढरा पट्टा, कडेचे तीन पांढरे ठिपके. फोटो तेवढ्यात घ्यायचा. कापड मांजरपाटाचं घ्या. सोलापुरी चादरीच्या नक्षीत बारके पतंग हरवतात. पालीवर मात्र लक्ष ठेवा.

दिवा दोन्हीकडे ३६५ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशाचा एलईडी, पॉवर बँकेवर. वीज गेली तरी चालतो. त्याकडे टक लावून पाहू नका. १६० वॅटच्या मर्क्युरी बल्बला चोक लागत नाही आणि पतंगही भरपूर येतात, पण तापलेल्या काचेवर वळवाचा थेंब पडला की ती तडकते. आणि वळीव पडून गेलेली रात्र तर चुकवू नये अशी!

आमचं मत: नवख्याने उन्हाळाभर पडदाच लावावा. ओळख बसली की जूनपासून बादली, तीही एक रात्र आड, म्हणजे तेच पतंग पुन्हा अडकत नाहीत. वहीत दिव्याचा प्रकार, लावल्या-विझवल्याची वेळ, चंद्र, वारा आणि प्रत्येक जातीची संख्या लिहा. एकही पतंग न आलेली रात्रसुद्धा. सोडताना दाट झुडपात सोडा, उघड्यावर बुलबुल आणि साळुंक्या टिपतात.