आठ दिवसांचा पाहुणा, एकतीस किलो पुस्तके आणि ज्ञान पोस्ट

दिवाणाखालची जागा मोकळी करायची म्हणून मी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा वापरली, आणि ज्यांच्या घरी कुणाची पुस्तके अडकून पडली आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

यांच्या चुलत भावाचा मुलगा गेल्या जूनमध्ये एमपीएससीच्या तयारीसाठी परभणीहून पुण्याला आमच्याकडे आला, तो ‘काकू, खोली मिळेपर्यंत फक्त आठ दिवस’ असे सांगून. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई’ ही म्हण सासूबाई मुद्दाम मोठ्याने म्हणत असत. पण मुलगा सकाळी सातला अभ्यासिकेत जाई तो रात्री अकराला परते, त्यामुळे ती ऐकून घेण्याचे काम माझ्याकडेच राहिले. दिवाळीला तो घरी गेला आणि गावीच राहून अभ्यास करायचे त्याने ठरवले. आमच्याकडे उरली पुठ्ठ्याची तीन खोकी, एक गादी आणि एक कुकर.

‘पुढच्या खेपेला नेतो’ हे उत्तर फेब्रुवारीपर्यंत पुरले. तोवर रद्दीवाल्याने खोकी काट्यावर लावून एकतीस किलो असे वजनही सांगून ठेवले होते. मात्र शेजारच्या वकीलबाईंनी वेळीच अडवले. पाहुणा हा परवानगीने राहणारा असतो आणि ती परवानगी मागे घेतली तरी आपले सामान नेण्यासाठी त्याला वाजवी मुदत मिळाली पाहिजे, असे १८८२ च्या ईझमेंट ॲक्टचे कलम ६३ सांगते, हे त्यांच्याकडून कळले. त्यांच्याच सल्ल्याने मुलाला आणि त्याच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर पंधरा दिवसांची मुदत लिहून कळवली व खोक्यांचे फोटो जोडले. उत्तर एका ओळीचे आले: ‘काकू, पाठवून द्या ना.’

आधी एका खासगी कुरिअरवाल्याला विचारले. त्याने सांगितलेल्या रकमेत मुलगा स्वतः येऊन, जेवून, खोकी घेऊन परत गेला असता. शिवाय न्यायला येणारा माणूस दोन दिवस फिरकलाच नाही. मग टपाल कचेरीत गेले.

ज्ञान पोस्ट १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा तिचा दर आहे. हा दर वाचून हुरळून जाण्याआधी नियम मात्र नीट वाचावेत, कारण ही सवलत पुस्तकांना आहे, खोक्यात जे जे सापडेल त्याला नाही. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असले पाहिजे. नियतकालिके आणि व्यापारी स्वरूपाचे छापील साहित्य यात चालत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलाचा पसारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. पाठ्यपुस्तके आणि संदर्भग्रंथ बसले. चालू घडामोडींच्या मासिकांचा गठ्ठा बाद झाला. आणि क्लासच्या झेरॉक्स काढून स्पायरल केलेल्या नोट्स, ज्यांवर प्रकाशक सोडाच, क्लासचे नावही पुसट झाले होते, त्याही बाद झाल्या. एकतीस किलोंपैकी जेमतेम एकोणीस किलो उरले, त्यांची चार पाकिटे केली आणि कर धरून पाचशेच्या आत काम झाले.

मासिके रद्दीत द्यायची परवानगी मुलाकडून लेखी मागून घेतली. हाताने लिहिलेल्या वह्या मात्र स्पीड पोस्टने वेगळ्या पाठवल्या. इतिहासाच्या एका वहीच्या समासात ‘आज काकूंनी थालीपीठ केले, दोन तास वाया’ असे लिहिलेले होते. ते वाचून वही ठेवून घ्यावी की पाठवावी, असा क्षणभर प्रश्न पडला.

पुस्तके रस्त्याने किंवा रेल्वेने जातात, विमानाने नाही, तेव्हा परीक्षा तोंडावर असेल तर हा मार्ग घेऊ नये. आमची पाकिटे सहाव्या दिवशी पोचली. पाच किलोंची मर्यादा ही मला खरी उणीव वाटते, कारण तीन खोक्यांची चार पाकिटे करण्यात माझी एक अख्खी दुपार आणि चिकटपट्टीची दोन रिळे गेली. माझ्याकडून पाचांपैकी चार गुण.

त्यातला निम्मा गुण तर केवळ माग काढण्याच्या सोयीला आहे. प्रत्येक पाकिटाला क्रमांक असतो आणि ते कुठवर पोचले हे संकेतस्थळावर पाहता येते. पुढे एका लग्नात मुलाच्या आईने चार बायकांत ‘पोराची पुस्तकं पुण्यातच अडकली, म्हणून अभ्यास मागे पडला’ असे म्हटले, तेव्हा मी काहीही न बोलता फोन काढला आणि चारही पाकिटे वितरित झाल्याची तारखेसह नोंद त्यांच्यासमोर धरली. जाऊबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि जिलबी चांगली झाली आहे, असे सांगितले.

गादी माळ्यावर आहे. कुकरला मी नवे रबर घातले असून सध्या रोजचा डाळभात त्यातच होतो. ‘काकू, कुकरही पोस्टाने येईल का?’ असा मुलाचा निरोप परवा आला आहे. त्याला उत्तर काय द्यावे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.