टू-फोर-डी आठ महिने वापरलं, उसात एक नंबर पण कपाशीत मीच घाण केली

फेब्रुवारीत सुरू हंगामाच्या उसाची लागण केली तेव्हापासून टू-फोर-डी अमाईन सॉल्ट ५८ टक्के हे तणनाशक वापरतोय, आता ऑक्टोबर चाललाय. आमचं गाव गेवराई तालुक्यात, कालव्याचं पाणी, एका बांधावर ऊस अन् दुसऱ्या बांधावर कपाशी, त्यामुळं हे लिहितोय.

उसात पैसा वसूल. चांदवेल, माठ, काँग्रेस गवत ही तणं दुसऱ्याच दिवशी माना टाकतात, देठ पिळवटतात, पुढं हळूहळू वाळून जातात अन् उसाला ढिम्म होत नाही. हराळीवर शून्य. लव्हाळा वरून पिवळा पडतो अन् गाठीतून परत वर येतो.

आता खरी गोष्ट. जुलैत बांधावरच्या काँग्रेसवर हेच मारलं, पंप साध्या पाण्यानं दोनदा खळखळून धुतला अन् दोन दिवसांनी त्याच पंपानं ४० दिवसांच्या कपाशीवर तुडतुड्याचं औषध. तिसऱ्या दिवशी देठं खाली वाकलेली, म्हणलं पाण्याचा ताण असेल. आठ-दहा दिवसांनी शेंड्याची नवीन पानं आली ती बघून पोटात गोळा आला, अरुंद, लांब बोटं फुटल्यासारखी, अगदी भेंडीचं पान, शिरा एकमेकीला चिकटून सरळ. दुकानदारानं फोटो बघून व्हायरस सांगितला अन् एक बाटली गळ्यात मारली, मीबी येड्यासारखी घेतली.

मग संध्याकाळी ओळी मोजत फिरलो. पहिल्या पंपाच्या, म्हणजे पहिल्यांदा भरलेल्या टाकीच्या ओळी सगळ्यात वाईट, दुसऱ्याच्या कमी, तिसऱ्याच्या जरा जरा, चौथ्यापासून चकाचक. व्हायरस काय पंप मोजून येतो का? रोग असता तर झाडं इथं एक तिथं एक अशी दिसली असती. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा वारा आला असता तर त्याच्या बांधाकडून सुरू होऊन आत कमी कमी होत गेलं असतं. हे पंपात उरलेलं टू-फोर-डीच होतं. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं, म्हणून कोवळा शेंडाच वेडावाकडा होतो, जुनी पानं तशीच राहतात, अन् कपाशीला तर नळीत उरलेलं एवढंसंबी पुरतं.

बाकीच्या तणनाशकांचं वेगळं असतं. ग्लायफोसेट उडालं तर शेंडा हळूहळू पिवळा-पांढरा पडतो. पॅराक्वाटचा थेंब पडला तिथं एका दिवसात करपलेला ठिपका, पण पुढची पानं स्वच्छ. अ‍ॅट्राझीनमध्ये खालच्या जुन्या पानांच्या कडा आधी जातात. भावाच्या सोयाबीनवर इमॅझेथापायर मारल्यावर शेंडे पिवळे पडले होते, तो घाबरला, दोन आठवड्यात आपोआप हिरवे झाले.

माझ्या कपाशीनं महिनाभरानं साधी पानं काढली, वाकडी झालेली मात्र तशीच राहिली. त्या ओळींची पहिली पाती (कळ्या) गळाली, बोंडं आता उशिरा चाललीत, वेचणीला फरक दिसेलच.

आता तणनाशकाचा पंप वेगळा, टाकीला लाल पट्टी मारलीय. एकच पंप असेल तर धुण्याचा सोडा घालून नळी, गाळणी, नोझल सगळं सोडवून धुवा, रबराची नळीच औषध धरून ठेवते. चुलते परवा पंप मागायला आले, नेमका तोच लाल पट्टीचा उचलला, म्हणले "धुतलाय ना?" मी हातातून काढून घेतला अन् दुसरा दिला, जरा रागावलेत.