वढवाणा तलावावरची बदके: बडोद्याहून निघणाऱ्या पहाटेच्या सहलीचे परीक्षण

बडोद्याहून पहाटे निघून वढवाणा तलावावरची हिवाळी बदके दाखवणारी आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी आणून सोडणारी ही सेवा आम्ही जानेवारीत घेतली. सोबत आजोबा, आत्या, दांडिया बाजारातले दोन जुने मित्र, त्यांची मुले आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातून सुट्टीवर आलेला माझा मामेभाऊ असा मोठा गोतावळा होता. माणशी बाराशे रुपयांत वाहन, मार्गदर्शक, दुर्बिणी आणि नाश्ता मिळतो. या सेवेची खरी किंमत तिच्या पहिल्या तीन तासांत आहे आणि त्या तीन तासांसाठी मी ही रक्कम पुन्हा आनंदाने देईन. त्यानंतरचा भाग ढिला पडतो, आणि तो सुधारणे आयोजकांना अवघड नाही.

वढवाणा हे गाव डभोई तालुक्यात असून तिथला तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० साली, सिंचनासाठी बांधण्यात आला. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्याचे पाणी कालव्याने इथे येते आणि आजही परिसरातली शेती त्यावर भिजते. २०२१ साली या जागेला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. मध्य आशियातून दक्षिणेकडे येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर हा तलाव असल्यामुळे ऐंशीहून अधिक जातींचे स्थलांतरित पाणपक्षी इथे हिवाळा काढतात. तलाव उथळ आहे, आणि बदकांच्या दृष्टीने तेच त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय, कारण पाण्यावर तरंगत डोके बुडवून चरणाऱ्या जातींना तळ चोचीच्या आवाक्यात लागतो. बडोद्यात अनेक मराठी घरांना आज हे ठिकाण ठाऊक आहे. परंतु तिथे जाऊन पाळीवर एक फेरी मारून, दूरवर काळे ठिपके पाहून परत येणारेच अधिक. या सेवेमुळे फरक पडतो तो नेमका इथे.

मामेभाऊ सस्कॅचेवानमध्ये मित्रांबरोबर आणि सासरच्या मंडळींबरोबर दर शरद ऋतूत परवाना घेऊन बदकांच्या शिकारीला जातो. तिकडच्या गवताळ मैदानांत हिमनद्या वितळून मागे हटल्यावर उरलेली लाखो लहान-मोठी डबकी आणि तळी आहेत, आणि उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदके त्या पट्ट्यात जन्माला येतात असे मानले जाते. तिथल्या शिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पाणथळी राखण्याची मोठी परंपराही उभी केली आहे. शेजारच्या अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी एक विशेष तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्याचा पैसा पाणथळ जमिनी मिळवण्यासाठी वापरला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा विषय मिटवला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. संस्थानी काळात हौसेखातर काय होत असे हे सांगायला भरतपूरचा दाखला पुरेसा आहे: १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. बंदूक न उचलता बदकांच्या इतके जवळ पोहोचता येईल यावर भावाचा सहलीपूर्वी विश्वास नव्हता. या सेवेने त्याला जे दाखवले त्यावरून तिची पारख करणे मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण आमच्यापैकी बदकांची सवय असलेला डोळा एकट्या त्याचाच होता.

गाडी पहाटे पाचला रावपुऱ्यातून निघाली. डभोईची जुनी वेस, हिरा भागोळ, अंधारातच मागे पडली आणि उजाडण्यापूर्वी आम्ही तलावाच्या पाळीवर होतो. मार्गदर्शक तरुण शेजारच्याच गावचा आहे. त्याला गुजरातीबरोबर बऱ्यापैकी मराठी येते, त्यामुळे आजोबांना सगळे थेट समजले. त्याने सर्वांना भडक रंगाची वस्त्रे शालीखाली झाकायला लावली, फोनचे आवाज बंद करायला लावले आणि बाभळीच्या झुडपांना लागून उभारलेल्या हिरव्या कापडाच्या सुट्या आडोशामागे नेऊन बसवले. ही जागा त्याने वारा पाहून निवडली होती. बदके उतरताना नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात. म्हणून वारा आपल्या पाठीवर असेल तर उतरणारा थवा सरळ आपल्याकडे तोंड करून येतो. थोड्या वेळाने सूर्यही आमच्या डाव्या खांद्यामागून वर आला, त्यामुळे पक्ष्यांचे रंग काळवंडले नाहीत. भाऊ माझ्या कानात म्हणाला, ''दादा, हा पोरगा आमच्याकडे असता तर त्याला उत्तम शिकारी म्हटलं असतं.'' नकली बदके पाण्यावर मांडून मध्ये उतरायला मोकळी जागा ठेवणे, एवढी एकच गोष्ट इथे नव्हती. बाकी पहाटेची वेळ, वारा, उजेड आणि निश्चल बसणे हे सारे त्याच्या ओळखीचे होते.

आणि मग थवे आले. आधी पंखांचा सूं सूं आवाज, मग अडई बदकांची शीळ, मग करड्या पाण्यावर एकामागून एक उमटत जाणाऱ्या रेषा. पहिल्या अर्ध्या तासात तलवार बदकांचा मोठा थवा आमच्यापासून इतक्या जवळ उतरला की नरांच्या तपकिरी मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ दुर्बिणीशिवाय दिसत होती. त्यांच्या कडेला चक्रांग, गडवाल आणि हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या होत्या. खोल पाण्यात लालसरी बुड्या मारत होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचा गर्दीचा पट्टा होता. शेतांतून चरून परतणारे पट्टकादंब उजाडल्यावर ओळींनी आले. हे हंस मंगोलिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात हे मुलांनी शाळेत वाचले होते, पण डोक्यावरून आलेल्या ओळीतल्या प्रत्येकाच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे मोजता आल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

थापट्या नावाच्या बदकांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मार्गदर्शकाची खरी हातोटी तिथे दिसली. दुसरा कोणी मार्गदर्शक असता तर नाव सांगून पुढे गेला असता. याने स्थिर दुर्बीण एका घोळक्यावर लावली आणि आम्हाला प्रत्येकी पूर्ण दोन-तीन मिनिटे पाहू दिले. पंधरा-वीस थापटे पाण्यावर मान टाकून, एकमेकांच्या शेपटीमागे राहून संथ वर्तुळात फिरत होते. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले बारीक जीव मागच्याच्या चोचीत जात होते. नराचे गडद हिरवे डोके, पिवळा डोळा, पांढरी छाती आणि पोटाचा विटकरी रंग तर कोणालाही ओळखू येतो. पण टोकाशी रुंद झालेली ती चोच अर्धवट उघडी असताना तिच्या कडेला बसवलेली बारीक दात्यांची दाट रांग आणि तिच्यातून निथळणारे पाणी मी पहिल्यांदाच पाहिले. आत्या डोळ्याला दुर्बीण लावून बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. ''आपण पीठ चाळतो तसं हे पाणी चाळतंय,'' एवढेच त्या म्हणाल्या.

आठच्या सुमारास दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खाली झुकत आला आणि अर्धा तलाव उठला. त्या गोंधळात मार्गदर्शक आणि भाऊ यांच्यात जी चढाओढ लागली ती आमच्या सहलीतला सर्वांत रंगलेला प्रसंग ठरला. चक्रांग आणि तलवार यांसारखी बदके पाण्यातून जागच्या जागी सरळ वर झेपावतात, तर बुड्या मारणाऱ्या लालसरींना पाण्यावर पाय आपटत बरेच अंतर धावावे लागते. एवढ्या एका खुणेवर दोघेही दुरून जाती सांगत होते. मैदानी प्रदेशातल्या शिकाऱ्याला उडत्या बदकाची जात क्षणात ओळखावीच लागते, कारण तिकडे कोणत्या जातीची किती बदके मारता येतील याच्या मर्यादा असतात आणि चूक झाली तर कायद्याने शिक्षा होते. इथे चुकीचे नाव घेतले तरी बदकाचे काही बिघडत नव्हते, आणि दोघांनीही ते मनमोकळेपणाने अनेकदा घेतले. मुलांनी मात्र प्रत्येक नावाची फोटोंवरून शहानिशा केली.

आता उणिवा. आमच्या संख्येसाठी एकच स्थिर दुर्बीण होती. तिची तिवई मोठ्यांच्या उंचीला लावलेली असल्यामुळे मुलांसाठी ती दरवेळी खाली करावी लागे, आणि तेवढ्यात घोळका सरकून जाई. सहाहून अधिक माणसे असतील तर दुसरी तिवई दिलीच पाहिजे. हातातल्या दुर्बिणी आठ पट मोठ्या दाखवणाऱ्या आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाच्या होत्या; पहाटेच्या अंधूक प्रकाशात हा आकार योग्य आहे, कारण डोळ्यापर्यंत पुरेसा उजेड पोहोचतो आणि हातही फार थरथरत नाही. परंतु त्यांतल्या दोन दुर्बिणींची डोळ्याकडची रबरी कडी खाली दुमडत नव्हती. चष्मा वापरणाऱ्यांना त्यामुळे दृश्याचा मधला गोलच दिसतो. आजोबांनी अखेर चष्मा काढून पाहिले आणि मग दोन्ही डोळ्यांची नजर जुळवण्यात त्यांचा वेळ गेला. ज्येष्ठांसाठी पाठ असलेल्या खुर्च्या आयोजकांनी मागणी केल्याशिवाय आणल्या नाहीत. ताडपत्रीवर तीन तास बसणे सत्तरीच्या माणसाला शक्य नसते, हे नोंदणीच्या वेळी वय विचारणाऱ्यांना आधीच कळायला हवे.

दुसरा टप्पा, म्हणजे साडेनऊनंतर शेतांच्या बाजूने सारस पाहायला नेणे, मला अनावश्यक वाटला. सारस दिसले, जोडी सुंदर होती, पण ऊन चढले होते, मुले पेंगत होती, आणि गाडीतून उतरून दोन मिनिटांत परत बसण्याची घाई होती. हा वेळ तलावावरच दिला असता तर पाणी तापल्यावर काठाशी विसावणारी बदके निवांत पाहता आली असती. नाश्ता साधा आणि ताजा होता: गरम चहा, थेपले, मिरची आणि दही. त्याबद्दल तक्रार नाही.

परत निघताना पक्ष्यांची छापील यादी मिळते. ती इंग्रजी आणि गुजराती नावांची आहे. गाडीत बसल्यावर भावाने, आत्यांनी आणि मी मिळून मुलांसाठी तिच्या समासात मराठी नावे लिहिली: भुवई बदक, नकटा, चक्रवाक, काणूक. बडोद्यात मराठी बोलणारी इतकी घरे असताना आयोजकांनी तिसरा रकाना छापावा, ही विनंती मी त्यांना केली आहे आणि त्यांनी ती मनावर घेतली आहे असे दिसते.

एका गोष्टीसाठी मात्र या मार्गदर्शकाला मी मनापासून दाद देतो. आमच्यातल्या एका मित्राला उडत्या थव्याचा फोटो हवा होता आणि त्याने टाळी वाजवून पक्षी उठवण्याची सूचना केली. मार्गदर्शकाने शांतपणे नकार दिला. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, आणि दर वेळी उगाच उडवल्यामुळे त्याची भर वाया जाते, असे त्याने समजावून सांगितले. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला असे सांगायला हिंमत लागते. मित्राने ते ऐकले, आणि त्यानंतर मुलांनीही आवाज केला नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या सूचना. नोव्हेंबरमध्ये बरेच नर अजून पूर्ण रंगात आलेले नसतात, तेव्हा नवख्या माणसाने डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरावा. शनिवार-रविवारी आणि संक्रांतीच्या आसपास पाळीवर गर्दी होते. मधल्या वारी गेल्यास तोच तलाव वेगळा वाटतो. नोंदणी करताना आपल्यात चष्मेवाले किती, मुले किती आणि खुर्ची किती जणांना लागेल हे स्पष्ट लिहून कळवावे, दुसरी तिवई मागावी, आणि सारसांचा टप्पा वगळून तो वेळ तलावावर द्यावा असे आधीच ठरवून घ्यावे. आयोजक त्याला तयार होतात. गडद किंवा मातकट कपडे, डोक्याला टोपी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी एक जाड शाल सोबत असावी.